फेस किती, तेल किती

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी फुकट काही वाटायला आलं, तर ते आधी बदरुद्दीनभाईंच्या नजरेखालून जातं. गेल्या ईदला नव्या सुपरमार्केटवाल्यांनी लॉबीत खजुराचे डबे ठेवले होते. सगळ्यांनी आनंदाने उचलले. बदरुद्दीनभाईंनी एक डबा उघडला, तळाची तारीख वाचली, खजूर दोन बोटांत दाबून पाहिला आणि डबा होता तिथं परत ठेवला. "खजूर चांगला आहे," ते म्हणाले, "पण फुकट का देतात ते कळत नाही." नवीन माणसाला ते वॉचमन वाटतात. वॉचमन बिचारा त्यांना पाहून उभा राहतो.

मी शोभना, त्यांच्या समोरच्या दारात राहणारी. मी गुहागरची आणि ते दाभोळचे. मध्ये एक खाडी. इथं अमिरातीतल्या फुजैरात खाडीपलीकडचा माणूसही माहेरचाच धरतात, त्यामुळे माझं त्यांच्याकडे केव्हाही जाणं-येणं. माझे यजमान दत्तप्रसाद बंदराच्या ऑफिसात आहेत. बदरुद्दीनभाईंचा धाक बंदरावर काय आहे ते मला त्यांच्याकडून कळलं.

फुजैराच्या समुद्रात जहाजं रांग लावून उभी असतात, इंधन भरायला. बार्ज म्हणजे तेलाची होडी, ती जहाजाला लागते आणि पाइपातून तेल सोडते. ते पुरतं मिळालं की नाही हे जहाजाच्या बाजूने मोजायचं काम बदरुद्दीनभाई करतात. पितळी वजन लावलेली टेप टाकीत सोडायची, वर ओढायची, तेलाची ओल कुठवर आली ते पाहायचं. ऐकायला सोपं आहे. पण लबाड बार्जवाले तेलात हवा फुंकतात. तेलाला फेस येतो, पातळी वर चढते, टेपला टाकी भरलेली दिसते. जहाज निघून जातं आणि भर समुद्रात फेस बसतो. मग मालक डोक्याला हात लावतो, पण तेल मिळालं असं कबूल करून झालेलं असतं.

म्हणून बदरुद्दीनभाईंचे नियम ठरलेले. फेस बसेपर्यंत थांबायचं. स्वतः मोजल्याशिवाय 'मिळालं' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. आणि बार्जवरचा चहा प्यायचा नाही. "ज्याचा चहा प्यालो, त्याच्या टाकीत नीट वाकून बघवत नाही," असं ते सांगतात. सगळी उमर त्यांनी असं कोरड्या घशाने काम केलं, आणि त्यांच्याइतकं सचोटीचं नाव त्या बंदरात नाही. पंचाईत एवढीच की हे नियम ते कामावरून घरी घेऊन आले. मासळी घेताना प्रत्येक कल्ला उचलून बघायचा. दहा कल्ले उचलून होईस्तोवर चांगली सुरमई दुसऱ्याच्या पिशवीत गेलेली असायची, आणि हे घरी येताना शंका घेण्यासारखं काही नसलेले बांगडे घेऊन यायचे.

ते बांगडे पाहून मरियमबी, म्हणजे त्यांची बायको, नुसता उसासा टाकायची. मरियमबीचा बाप मच्छीमार. मासळी हातात न घेता तिला कळते. पूर्वी रोज दुपार कलली की ती पिशवी घेऊन समोरचा मोठा रस्ता ओलांडून मासळीबाजारात जायची. तिथं तिच्या मैत्रिणी, तिथंच समुद्राकडेचा कट्टा. परतायची तेव्हा पिशवीत मासळी आणि पोटभर गप्पा. पण गुडघे गेले. रस्ता असा की गाड्या सुसाट, ओलांडायला फक्त पादचारी पूल, आणि पुलाला दोन्हीकडे जिने. डॉक्टरने जिना बंद केला. टॅक्सी करावी तर ती लांबून वळसा घालून येणार, जाऊन-येऊन तीस दिरहम. "म्हणजे सातशे रुपये गो! सुरमईपेक्षा टॅक्सी महाग," मरियमबी म्हणायची आणि घरी बसायची. बसता बसता ती आंबत चालली होती. मला समोरच्या दारातून दिसायचं. बोलणं कमी झालं, जेवण कमी झालं. दुपारी ती खिडकीत खुर्ची टाकून पुलाकडे बघत बसायची.

त्यांचा मुलगा अक्रम अबू धाबीत अल रीम आयलंडवर राहतो. उंच इमारत, खाली सगळं सपाट, जिथंतिथं लिफ्ट. आईची दशा पाहून त्याने एकदा बापाला माझ्यासमोरच सांगितलं, "अब्बा, अम्मीला इथं नुसतं कोंडून ठेवलंय तुम्ही. पुढच्या समर व्हेकेशननंतर मी तिला घेऊन जाणार. खलास. तुम्ही जॉब सोडून या, नाहीतर इथं एकटे राहा."

बदरुद्दीनभाई काम सोडणार नव्हते. मरियमबीला समुद्र आणि नवरा सोडायचा नव्हता. पण आईच्या भल्यासाठी बोलणाऱ्या मुलाला नाही तरी कसं म्हणायचं? वर्षभराची मुदत मिळाली आणि घरात एक मुकी काळजी येऊन बसली.

त्याच सुमाराला आमच्या मागच्या मोकळ्या जागेवर पत्रे लागले. पत्र्यांवर हिरवीगार झाडं, हसणारं कुटुंब आणि मोठा टॉवर. आठवड्याभरात एक मुलगी लॉबीत येऊन टेबल मांडून बसली. गळ्यात ओळखपत्र, समोर नकाशा, करक चहाचा थर्मास आणि बिस्किटं. तिचं नाव दर्शना, नाशिकची. प्लॅनिंगच्या ऑफिसने लोकांची मतं गोळा करायला नेमलेल्या कंपनीत ती कामाला होती.

"हे बघा," ती आम्हाला सांगू लागली, "बिल्डरला परमिशनपेक्षा जास्त मजले हवे आहेत. जास्त मजले म्हणजे जास्त माणसं, जास्त गाड्या, जास्त मुलं. तो भार पडणार तुमच्याच रस्त्यांवर, तुमच्याच पार्कवर. म्हणून ऑफिसने त्याच्याशी ॲग्रीमेंट केलंय. जास्त मजले बांध, पण त्या बदल्यात या एरियाला लागणाऱ्या सोयींचा वाटा तू उचल. पार्क असेल, पुलाला लिफ्ट असेल, छोटं क्लिनिक असेल. काय आणि कुठं, ते ठरवायला तुमचं मत हवंय. पुढच्या शनिवारी मासळीबाजाराशेजारच्या हॉलमध्ये मीटिंग आहे. प्लीज या. जिथले लोक बोलतात, तिथं काम आधी जातं."

पुलाला लिफ्ट! मी बदरुद्दीनभाईंकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस टेबलावर चढून नाचेल. ते कपाळाला आठ्या घालून नकाशा बघत होते.

"बिल्डर देणार," ते सावकाश म्हणाले, "आणि वसूल कोणाकडून करणार?"

"थोडं फ्लॅट घेणाऱ्यांकडून करेलच, अंकल," दर्शना म्हणाली. "खोटं कशाला सांगू? पण जास्त मजल्यांचा प्रॉफिट त्याला एकट्याला मिळण्यापेक्षा त्यातलं थोडं एरियाला मिळालेलं बरं ना? चहा घ्या."

चहा पुढे आला तसे बदरुद्दीनभाई दोन पावलं मागे सरले. मग त्यांनी मला बाजूला नेलं.

"शोभनाताई, ही पोरगी जरा जास्तच खरं बोलते. बार्जवाला आपणहून स्वतःचा एक दोष सांगतो ना, तेव्हा समजायचं की मोठा दोष खाली आहे. आणि मराठीच का पाठवली? या बिल्डिंगमध्ये मराठी किती घरं आहेत ते बघूनच पाठवली असणार."

"अहो, मग काय चिनी पाठवायला हवी होती?" मी म्हटलं.

"तुम्ही हसा. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं."

त्या रात्रीपासून त्यांनी दारोदार फिरून प्रचार सुरू केला. टॉवर अजून कागदावर, पार्क कागदावर, लिफ्ट कागदावर. टाकीत थेंब पडायच्या आधी 'चांगलं आहे' म्हणणं हा शुद्ध गाढवपणा. आपण मीटिंगला गेलो की फोटो निघणार. फोटो निघाला की लोकांनी कबूल केलं असं होणार. उद्या काहीच नाही मिळालं, तर ओरडायला तोंड राहणार नाही. "आधी ओतू दे. फेस बसू दे. मग मोजू, मग बोलू. तोवर कोणी जायचं नाही, खलास." माणूस सचोटीचा, बोलणं ठाम. केरळचे, पाकिस्तानी, इजिप्तचे, सगळ्यांना पटलं. खोटं कशाला बोलू, मलाही पटलं. संशयाला एक गंमत असते. तो बाळगणारा आपल्याला उगाच हुशार वाटायला लागतो. दत्तप्रसाद म्हणाले, "दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, ठीक आहे. पण हा तर बायकोची तहान फुंकतोय." ते मी कानाआड केलं.

मरियमबी या सगळ्यात एक शब्द बोलली नाही. नवरा सांगायचा, ती ऐकायची, मान हलवायची.

शनिवारी बदरुद्दीनभाई कामावर, समुद्रात. तिसऱ्या प्रहरी माझी बेल वाजली. दारात मरियमबी, डोक्यावरून ओढणी नीट घेतलेली, हातात मासळीची पिशवी.

"शोभना, चल गो. मासळी आणू."

"भाभी, जिना आहे! मी टॅक्सी बोलावते."

"टॅक्सी नको. पुलावरनंच जायचं."

मला वाटलं, अक्रम न्यायच्या आधी एकदा बाजार बघायची तिला हौस आली असेल. निघालो. तो जिना मी रोज चढते, पण किती उंच आहे ते मला त्या दिवशी कळलं. मरियमबी एका हाताने कठडा आणि दुसऱ्याने माझा खांदा धरून चढत होती. प्रत्येक पायरीला ओठ चावत होती. उतरताना तर ती पायऱ्यांवर बसत बसत उतरली, लहान मूल उतरतं तशी. मला रडू येत होतं आणि ती मलाच दटावत होती. खाली पोचलो तेव्हा घामाने चिंब झाली होती. आणि मासळीबाजाराकडे न वळता ती थेट शेजारच्या हॉलमध्ये शिरली.

हॉल जवळजवळ रिकामा. पुढच्या गल्लीतली माणसं होती, आमच्या बिल्डिंगचं एकही नाही. दर्शना धावत आली. "आजी, बसा, बोला ना!"

"बोलायचं नाही," मरियमबी म्हणाली. "तू माझ्याबरोबर चल. परत जाताना जिना चढायचाय, तो माझ्या शेजारी राहून चढ. मग तुझं तुला कळेल."

दर्शना आली. तिने आपल्या वरच्या एका अरब साहेबालाही आणलं, पायघोळ, पांढऱ्याशुभ्र कंदुऱ्यातला, अबोल माणूस. जिन्याच्या मध्यावर मरियमबीला पुढे जाववेना. ती तिथंच टेकली. साहेब तिच्या खालच्या पायरीवर बसला, कडक इस्त्रीच्या कपड्यांनिशी. तिला उठता येईपर्यंत तो उठला नाही.

दर्शनाने वर पोचल्यावर विचारलं, "आजी, घरचं कोणी का नाही आलं?"

"आमचे हे मोजल्याशिवाय काही घेत नाहीत," मरियमबी म्हणाली. "माणूस सोन्यासारखा आहे. पण त्यांचं मोजून होईतो माझं आयुष्य सरेल."

घरी आल्यावर तिने मला शपथ घातली, यांना कळता कामा नये. मी पाळली. बदरुद्दीनभाई संध्याकाळी आले, तिचे सुजलेले गुडघे पाहिले आणि डॉक्टरच्या औषधावर संशय घेतला.

टॉवर भराभर चढला. पार्कही झालं, पण झालं ते टॉवरच्या कुंपणाच्या आत. फाटकाला कार्ड लागतं, आणि कार्ड फक्त टॉवरवाल्यांकडे. बदरुद्दीनभाईंना तर घबाडच सापडलं. लॉबीत येईल त्याला ते पत्र्याच्या फटीतून झोपाळे दाखवायचे. "बघा! फेस! मी म्हटलं नव्हतं?"

मला त्या दिवशी त्यांचा खरंच राग आला. बिल्डर लबाड, हे शंभर टक्के खरं. पण पार्क रस्त्याच्या कडेला हवं, सगळ्यांना खुलं हवं, हे शनिवारी जाऊन सांगणारं आमच्यापैकी होतं कोण? रिकाम्या खुर्च्यांना विचारून त्याने आपली सोय पाहिली. पुढच्या गल्लीतले लोक बोलले, त्यांना क्लिनिक मिळालं. मी हे तोंडावर सांगितलं. बदरुद्दीनभाई माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी हलकेच विचारलं, "ताई, तुम्हाला बिल्डरने काही दिलंय का?" मी दार आपटून आत गेले.

त्यानंतर पुलाच्या पायथ्याशी खोदकाम सुरू झालं. बदरुद्दीनभाई म्हणाले, जाहिरातीचा खांब असणार. लोखंडी सांगाडा उभा राहिला, तेव्हा म्हणाले, मोबाइलचा टॉवर, आता डोकी दुखणार सगळ्यांची. सांगाड्याला काच लागली. मरियमबी खिडकीत बसून बघायची, आणि तिच्या चेहऱ्यावर रोज थोडं थोडं काहीतरी परत येत होतं. पण उन्हाळ्याची सुट्टी संपत आली होती. अक्रमने फोन करून शुक्रवार ठरवला.

त्या आठवड्यात लिफ्ट सुरू झाली. दोन्ही बाजूंना, काचेची, थंडगार. सगळी बिल्डिंग हौसेने एकदा वर जाऊन आली. बदरुद्दीनभाईंनी मात्र बायकोला मनाई केली. नवी मशीन, आधी थोडे दिवस चालू दे, बघू. रोज कामावरून आले की ते लिफ्टसमोर उभे राहून आत जाणाऱ्या-येणाऱ्यांचे चेहरे वाचायचे.

शुक्रवारी अक्रम गाडी घेऊन आला, बरोबर त्याची मुलगी मुनिबा. मरियमबीच्या बॅगा गाडीत गेल्या. बदरुद्दीनभाईंचा चेहरा उतरला होता, पण आडमुठेपणा जागच्या जागी होता. मरियमबी मासळीची पिशवी घेऊन खाली आली आणि गाडीकडे न जाता सरळ पुलाकडे चालू लागली. आम्ही सगळे मागे.

लिफ्टच्या दाराशी बदरुद्दीनभाई आडवे आले. "थांब. ही कोणी दिली, का दिली, उद्या किती दिरहम मागतील, काही माहीत नाही."

"दादा, इट्स जस्ट अ लिफ्ट!" मुनिबा आजोबांना म्हणाली.

तेवढ्यात लिफ्ट खाली आली, दार उघडलं आणि आतून दर्शना बाहेर पडली. लोक लिफ्ट वापरतात का ते बघायला आली होती. मरियमबीला पाहताच तिने तिचे दोन्ही हात धरले. "आजी! मी रोज तुमची वाट बघतेय. सर पण विचारत होते, त्या जिन्यावरच्या आजी आल्या का? बिल्डरला पार्कवरच सगळं उरकायचं होतं. सर म्हणाले, आधी ही लिफ्ट, मग बाकीचं."

बदरुद्दीनभाईंनी आधी दर्शनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि शेवटी बायकोकडे. अख्ख्या जगावर संशय घेतलेल्या त्या माणसाने चाळीस वर्षांत पहिल्यांदा मरियमबीकडे तसं पाहिलं.

"तू गेली होतीस? त्या जिन्याने?"

"हो."

"आणि मागितलंस? काही हातात नसताना, न मोजता, त्यांच्यावर भरोसा ठेवलास?"

मरियमबीने ओढणी सारखी केली. "निकाहला पडद्याआडून तुम्हाला कबूल म्हटलं," ती म्हणाली, "तेव्हा तरी कुठं मोजून घेतलं होतं?"

बदरुद्दीनभाईंनी मरियमबीच्या हातातली पिशवी घेतली आणि तिच्या आधी लिफ्टमध्ये पाऊल टाकलं. मग दार मिटू नये म्हणून हात आडवा धरून तिच्यासाठी उभे राहिले.

"अक्रम," मरियमबी आत शिरताना म्हणाली, "गाडीतल्या बॅगा वर नेऊन ठेव बाळा. जेवूनच जा. आम्ही मासळी आणतो."

अक्रमने एकदा बापाकडे पाहिलं आणि बॅगा काढायला तो गाडीकडे वळला.

मीही त्यांच्याबरोबर गेले. बाजारात मरियमबीच्या मैत्रिणींनी तिला नुसता गराडा घातला. मग ती एका ठेल्यापाशी थांबली आणि लांबूनच एका सुरमईकडे बोट दाखवून म्हणाली, "ती." बदरुद्दीनभाईंचा हात सवयीने पुढे गेला, कल्ल्यापर्यंत पोचला आणि तिथं थांबला. त्यांनी मरियमबीकडे पाहिलं, हात मागे घेतला आणि पिशवीचं तोंड उघडून धरलं.